पहिली ओढ

ज्या वर्षी ठिणगीने नवऱ्याच्या कपाळावर त्याचीच गरम इस्त्री हाणली आणि दोन पिशव्या कपडे घेऊन ती कायमची भावांकडे राहायला आली, त्याच वर्षी एप्रिल महिन्यात धाकट्याच्या अंगावर निळे डाग उठले.

त्या घराला मारामारीचं नवल नव्हतं. बाप बोअर पाडणारा. रागावला की हाताला येईल ते फेकायचा, आणि बोअरवाल्याच्या हाताला येतं ते सगळं लोखंडाचंच असतं. पोरं बापावर गेली. थोरल्याला सगळे गिरमिट म्हणत. एक तर जमिनीला भोकं पाडणं हा त्याचा धंदा, आणि दुसरं म्हणजे एकदा कुणाच्या मागे लागला की आरपार गेल्याशिवाय तो थांबायचा नाही. मधली ठिणगी. तिला हे नाव का पडलं ते तिच्या इस्त्रीवाल्या नवऱ्याच्या कपाळाकडे पाहिलं की कळायचं. धाकटा गिरमिटपेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई त्याच्या जन्मानंतर वर्षभरात गेली, चार वर्षांनी बापही गेला. मग गिरमिटनेच त्याला वाढवलं, एका हाताने घास भरवून आणि दुसऱ्या हाताने थोबाडीत देऊन. त्या नादात स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं. आता धाकटा चोवीस वर्षांचा झाला होता आणि भावाच्या बरोबरीने रॉड उचलत होता.

डाग आधी मांडीवर दिसले, मग दंडावर, मग पाठीवर.

"कुणी मारलं?" गिरमिटने विचारलं.

"कुणी नाही, दादा."

"मग काय आपोआप उगवले? तू काय वांग्याचं झाड आहेस?"

"रॉड उचलताना लागलं असेल."

गिरमिटचा विश्वास बसला नाही. मागच्याच आठवड्यात दुसऱ्या बोअरच्या गाडीवाल्याशी त्यांची बाचाबाची झाली होती. त्याचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जायचा, म्हणून त्याला भोंगा म्हणत. गिरमिट सरळ तिकडे गेला. भोंगा गाडीखाली पडून ग्रीस भरत होता. गिरमिटने त्याला पाय धरून बाहेर ओढला आणि हातातल्या पान्याने त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. "अरे, पण कशासाठी? सांग तरी!" असं तो शेवटपर्यंत ओरडत होता. गिरमिटने कारण सांगितलं ते मारून झाल्यावर. या घराची रीतच ती. आधी हात, मग तोंड.

चौथ्या दिवशी धाकट्याच्या नाकातून रक्त सुरू झालं. तीन टॉवेल भिजले तरी थांबेना. गल्लीतल्या डॉक्टरने मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे कळलं की धाकट्याला कुणीच मारलं नव्हतं. त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई दिसायला शाळकरी मुलीएवढ्या होत्या. पायात कापडी बूट, चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीने बांधलेली. त्यांनी ट्रेमधून सुई उचलली तेव्हा गिरमिटला आधी वाटलं, हे काहीतरी सुताराचं सामान इथे चुकून आलंय. जाड नळी, वर आडवी मूठ.

"हे कुठे खुपसणार?"

"कमरेच्या मागच्या हाडात. आजार रक्तात दिसतो, पण त्याचं घर हाडातल्या मगजात असतं. तो किती पसरलाय ते घरात शिरूनच पाहावं लागतं."

"आणि भूल?"

"कातडीला देते, हाडाच्या वरच्या पापुद्र्याला देते. आतल्या मगजाला भूल देता येत नाही. ओढताना कळ येईल, पार टाचेपर्यंत जाईल. खोटं सांगून उपयोग नाही. तुम्ही खांदे धरा."

धाकटा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला. गिरमिटने खांदे धरले. डॉक्टरीणबाईंनी एक गुडघा खाटेवर टेकवला आणि सगळं अंग त्या मुठीवर टाकून सुई फिरवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हाड करकरत होतं. गिरमिटला ते पाहवत नव्हतं, पण नजर धंद्याची, ती हटेना. वरचा थर कठीण, बाईंचं मनगट ताठ. मग एकाएकी ते सैल पडलं.

"लागली," गिरमिट म्हणाला.

"काय लागली?"

"पोकळी. तुमच्या मनगटावरून कळलं."

"इथे नोकरी करता का?" असं म्हणत बाईंनी सुईला पिचकारी जोडली आणि जोराने मागे ओढली.

धाकटा ओरडला नाही, त्याने हंबरडा फोडला. कसायाच्या दारातल्या जनावरासारखा. त्याचं कोपर उसळून गिरमिटच्या जबड्यावर बसलं आणि गिरमिटचा पुढचा दात तुटला. गिरमिटने तो रक्तासकट गिळून टाकला, पण खांदे सोडले नाहीत. मग बाईंनी त्याच भोकातून आणखी जाड सुई घालून काडीएवढा हाडाचा तुकडा कापून काढला. काम संपलं तेव्हा खाटेवरची चादर घामाने चिंब झाली होती आणि तिघेही धापा टाकत होते.

निकाल आला. मगजातल्या शंभर पेशींपैकी ऐंशी बिघडलेल्या होत्या.

चार आठवडे औषध चाललं. औषध कसलं, नळीतून विषच सोडत होते. धाकट्याचे केस उशीवर राहिले. तोंडात आतून इतके फोड आले की पाणी पिताना तो भिंतीवर डोकं आपटायचा. एकदा त्याने हातातली सुई उपटून नर्सच्या अंगावर फेकली. एकदा गिरमिटच्या मनगटाला चावला, रक्त येईस्तोवर. गिरमिट त्याला म्हणाला, "चाव. दुसऱ्या हातालाही चाव. पण हे संपव."

महिना संपताना बाईंनी दोघा भावंडांना समोर बसवलं.

"उद्या पुन्हा मगज काढायचा. औषध लागू पडलं का, ते त्यावरून कळेल. सूक्ष्मदर्शकाखाली साफ दिसणं पुरेसं नाही. दहा हजारांत एक पेशी लपून बसली तरी ती पुन्हा घर भरते. ती शोधणारं यंत्र दुसऱ्या प्रयोगशाळेत आहे. तिथे बारीक मोजणी होते. मोजणीत काही सापडलं नाही, तर नुसत्या औषधावर पुढे जायचं. सापडलं, तर औषध पुरणार नाही. मग याच्या हाडांत दुसऱ्याचा मगज घालावा लागेल."

दोघांचं रक्त आधीच तपासलं होतं. ठिणगीचं जुळलं नव्हतं. गिरमिटचं तंतोतंत जुळलं होतं.

"मग आताच घ्या की माझा," गिरमिट म्हणाला. "माझ्याकडे पोतंभर आहे."

"उगाच नाही घालता येत. आधी याचा होता नव्हता तेवढा जाळून टाकावा लागतो. त्यातही माणसं दगावतात. गरज असेल तरच. आणि गरज आहे की नाही, ते ही मोजणी सांगेल. सगळं तिच्यावर आहे."

त्या संध्याकाळी धाकट्याने गिरमिटचा हात धरला. "दादा, उद्या एकदाच. त्यानंतर मी कुणाला भोसकू देणार नाही. शपथ घे."

"अरे, ते काय माझ्या हातात आहे का?"

"शपथ घे."

गिरमिटने घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ती सुई, पुन्हा ती करकर, पुन्हा तो हंबरडा. या वेळी ठिणगीही पाय धरायला होती. बाईंनी पहिल्या ओढीतले चार थेंब काचेवर पसरले आणि उरलेलं एका नळीत भरलं. मग पिचकारी बदलून पुन्हा ओढलं आणि दुसरी नळी भरली. दोन्हींवर पट्ट्या चिकटवून त्यांनी एक आणि दोन असे आकडे लिहिले.

"एक नंबर मोजणीची. दोन नंबर दुसऱ्या एका तपासणीची, ती राहिली तरी आभाळ कोसळत नाही. आमचा नेणारा माणूस आज आलेला नाही. तुम्ही नेता? दुपारच्या आत पोहोचलं पाहिजे."

पहिल्या ओढीचीच नळी मोजणीला का, हे बाईंनी सांगितलं नाही. त्यांना पुढच्या खाटेवर जायची घाई होती. आणि विचारणं गिरमिटच्या स्वभावात नव्हतं.

दोन्ही नळ्यांचा डबा काखेत घेऊन तो खाली आला. इस्पितळाच्या पायऱ्यांवर त्याचा मेहुणा उभा होता. कपाळावर इस्त्रीच्या टोकाचा लालसर त्रिकोण, हातात पिशवी.

"दादा, जरा ऐका..."

गिरमिटला वाटलं, हा ठिणगीला ओढून न्यायला आलाय, तेही आज. त्याने ऐकलं नाही. डाव्या काखेत डबा तसाच ठेवून उजव्या हाताने त्याने मेहुण्याच्या तोंडावर ठोसा मारला. मेहुणा अंगाने काटकुळा, पण पंचवीस वर्षं जड इस्त्री ओढलेलं मनगट होतं ते. पडता पडता त्याने गिरमिटची गचांडी धरली. दोघे पायऱ्यांवरून गडगडत खाली आले. गिरमिटने त्याचं डोकं पायरीच्या कडेवर दोनदा आपटलं. मेहुण्याने त्याच्या पोटात गुडघा घातला. बघे गोळा झाले. पहारेकरी शिट्टी वाजवत धावला. गिरमिट उठून लाथ घालायला मागे सरला तेव्हा त्याच्या बुटाखाली काहीतरी कडकन मोडलं.

डबा उघडा पडला होता. एक नंबरची नळी त्याच्याच टाचेखाली चिरडली होती. दगडावर धाकट्याचा मगज पसरला होता, लालभडक, मध्ये मध्ये पांढुरके कण.

"मी रक्त द्यायला आलो होतो," मेहुणा ओठ पुसत म्हणाला. "माझा गट जुळतो. तुमच्याच बहिणीने बोलावलं मला."

गिरमिटने त्याच्या शर्टावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "दुसरा मजला. डाव्या हाताला. भाऊजी, आधी तोंड धुवा."

मेहुणा गेला. बघे पांगले. गिरमिट पायरीवर बसला. दोन नंबरची नळी धड होती. वर जाऊन खरं सांगावं, तर पुन्हा ती सुई, आणि कालची शपथ. पोराने अजून कूसही बदलली नसेल.

आणि मग त्याला आपला धंदा आठवला. बोअरला पाणी लागलं की पहिलं पाणी कुणी तपासायला देत नाही. त्यात भुकटी असते, गाळ असतो. हवा मारून बोअर धुवायचा, आणि मग निवळ पाणी आलं की त्याची बाटली भरायची. बाप म्हणायचा, पहिलं पाणी जमिनीची घाण, दुसरं पाणी जमिनीचं मन. तेव्हा दुसरी नळी काय, उलट जास्त खरी. बाईंना हाडाचं कळत असेल, पण भोकाचं आपल्याला कळतं.

त्याने चिरडलेल्या नळीवरची पट्टी नखाने सोडवली, दुसऱ्या नळीवरची काढून फेकली, आणि एक नंबरची पट्टी तिथे चिकटवली. दाबून.

प्रयोगशाळेच्या खिडकीत एक जाडजूड बाई बसली होती.

"कागदावर दोन नळ्या आहेत."

"एक फुटली. दोन नंबरची."

"म्हणजे ही पहिल्या ओढीची ना? नक्की?"

"लिहिलंय की."

"पट्टीवर रक्त लागलंय."

"मग रक्ताच्या नळीवर काय अत्तर लागेल?"

बाई हसली आणि तिने शिक्का मारला.

पाच दिवसांनी निकाल आला. बारीक मोजणीत बिघडलेली एकही पेशी सापडली नव्हती. काचेवरचे थेंबही साफ होते. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच दात दाखवून हसल्या. "दुसऱ्याचा मगज नको. औषधावर जाऊ." गिरमिटने शेजारी बसलेल्या मेहुण्याला खुर्चीसकट उचललं. मेहुणा ओरडला, "दादा, सोडा, मारताय की लाड करताय तेच कळत नाही!"

पुढचे सात महिने बरे गेले. औषधं चालूच होती, उलट्या होत्या, पण धाकट्याला केस आले, तेही पूर्वीपेक्षा कुरळे. ठिणगी नवऱ्याशी बोलायला लागली, मात्र मध्ये हातभर जागा ठेवून. दर तीन महिन्यांनी मेहुणा रक्त देऊन जायचा. फुटलेल्या नळीबद्दल तो एकदा काही बोलणार होता, तेव्हा गिरमिटने असं बघितलं की त्याने चहाचा विषय काढला. गिरमिटला त्याचं काही वाटतही नव्हतं. निकाल त्याच्या बाजूने लागला होता. धंद्यात बाप खरा ठरला होता.

जानेवारीत एका माळावर बोअर चालू असताना धाकटा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाडीच्या पायरीवर बसला होता. पोटरीवर निळा डाग होता. तळहाताएवढा.

गिरमिटने विचारलं नाही, कुणी मारलं म्हणून. मारायला जाण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. त्याने गाडीच्या काचेत मूठ घातली. काच आत गेली, मूठही आत गेली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. धाकटा जागेवरूनच म्हणाला, "झालं? आता मला घेऊन चल."

या वेळी बाईंनी ओढलं आणि पिचकारीत काहीच आलं नाही. पुन्हा सुई फिरवली, पुन्हा ओढलं. धाकटा खाटेची कड चावत होता, लाकडात दात रुतले होते. पिचकारी कोरडी.

"कोरडं लागलं?" गिरमिटने विचारलं. कोरडा बोअर त्याला माहीत होता.

"नाही," बाई हळू म्हणाल्या. "इतकं ठासून भरलंय की ओढलं जात नाही." आणि त्यांनी जाड सुईने हाडाचा तुकडा कापला.

तुकड्यात आजाराखेरीज जवळजवळ काही नव्हतं.

बाईंनी गिरमिटला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर जुना कागद होता, मोजणीचा, शून्याचा.

"माझी चूक झाली. त्या दिवशी माझी सुई नीट बसली नसावी. पहिली ओढ पातळ आली असणार, आणि मी या शून्यावर विसंबले. तेव्हाच तुमचा मगज घातला असता तर... मी वरिष्ठांना तसं लिहून देणार आहे. पण आधी तुम्हाला सांगायला हवं होतं."

गप्प बसला असता तर कुणालाही कळलं नसतं. मेहुण्याला नळी फुटल्याचं माहीत होतं, पण कोणती ते नाही. गिरमिटने टेबलाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या.

"सुई बरोबर होती, मॅडम. तुम्ही लिहू नका."

आणि त्याने सगळं सांगितलं. पायऱ्या, ठोसा, टाच, पट्टी. पहिलं पाणी आणि दुसरं पाणी.

बाईंनी शून्याचा कागद उलटा करून ठेवला. मग सरळ आवाजात म्हणाल्या, "पहिल्या ओढीत हाडाच्या घरातला ऐवज येतो. तो निघाला की भोवतालचं साधं रक्त तिथे धावून येतं. दुसरी नळी म्हणजे बरंचसं रक्तच. लपलेला आजार त्यात इतका पातळ होतो की मोजायला सापडत नाही. तुम्ही गाळ टाकून दिलात. आम्हाला गाळच हवा होता."

त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या. त्यांचा हात वर गेला. गिरमिटने तोंड पुढे केलं. हात तसाच खाली आला.

"त्याला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

खाटेशी ठिणगी होती, मेहुणा होता. गिरमिटने उभ्या उभ्याच सांगितलं. ठिणगीने तोंडात पदर कोंबला. मेहुणा भिंतीकडे बघत राहिला.

"म्हणजे तेव्हाच तुझा मगज घातला असता तर मी वाचलो असतो?" धाकट्याने विचारलं.

"बहुतेक."

"खाली वाक."

गिरमिट वाकला. उशाशी स्टीलचा पाण्याचा जग होता. धाकट्याने तो उचलून भावाच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा फटका भुवईवर बसला. तिसऱ्याला हातात जोर राहिला नाही, जग सुटून खाटेखाली घरंगळला. धाकट्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

"उचलून दे," तो म्हणाला.

गिरमिटने गुडघ्यावर बसून खाटेखालून जग काढला, आणि मूठ त्याच्याकडे करून हातात दिला. धाकट्याने पुन्हा मारलं. तो फटका लागण्यासारखाही नव्हता.

"पुरे," ठिणगी म्हणाली. "अरे, तू मरशील मारता मारता."

"ताई, तू मध्ये पडू नकोस. तू इस्त्री मारलीस तेव्हा कोण मध्ये पडलं होतं?"

"मी पडलो होतो," मेहुणा म्हणाला. "इस्त्रीखाली."

कुणाला हसायचं नव्हतं. पण धाकट्याच्या रक्ताळलेल्या तोंडातून हसू फुटलं, आणि त्यातूनच तो रडायला लागला. शांत झाल्यावर त्याने विचारलं, "दादा, मी शपथ घातली म्हणून केलंस?"

"निम्मं त्यापायी."

"आणि निम्मं?"

गिरमिटच्या नाकातून रक्त ठिबकत होतं. "मला वाटलं, मला कळतं."

बाईंनी आणखी जहाल औषध सुरू केलं. मगज पुरेसा साफ झाला तर अजूनही गिरमिटचा घालता येणार होता. पुन्हा महिनाभर तेच, त्याहून वाईट. धाकट्याची कातडी तळव्यांवरून सोलली. ताप चढला की तो भावाला आईवरून शिव्या द्यायचा. दोघांची आई एकच हे ध्यानात आलं की थांबायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा. फेब्रुवारीच्या शेवटी मगज काढायचा दिवस आला.

"शपथेतून सोडलं तुला," धाकटा म्हणाला. "धर खांदे."

या वेळी पिचकारीत मगज आला. पहिल्या ओढीची नळी भरली, तिच्यावर पट्टी लागली. नेणारा माणूस दारात उभा होता. गिरमिटने हात पुढे केला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या वाकड्या नाकाकडे पाहिलं, आणि डबा त्याच्या हातात दिला. मेहुणा न सांगता सोबत निघाला.

प्रयोगशाळेच्या रस्त्यावर एका बांधकामाशी बोअरची गाडी उभी होती. गाडी भोंग्याची होती. खोकला आला की बरगड्या दहा महिन्यांनंतरही त्याला गिरमिटची आठवण करून देत. त्याने गिरमिटला ओळखलं आणि रॉड उचलला.

"ए गिरमिट! आज कारण आधी सांगू की नंतर?"

गिरमिटने डाव्या काखेत डबा घेतला नाही. दोन्ही हातांनी तो पोटाशी धरला, गुडघे टेकले आणि गोगलगाईसारखा त्याच्यावर मिटला.

"मार. ज्या कारणासाठी मी तुला मारलं ते खोटं होतं. डबा सोडून कुठेही मार."

भोंग्याने पाठीत रॉड घातला. मग लाथा, एकामागून एक, बुटाच्या टोकाने, बरगड्या शोधून शोधून. मेहुणा मध्ये पडला तर त्याला झिडकारून पुन्हा. गिरमिटने ना हात उचलला, ना तोंडातून शब्द काढला. आतून काहीतरी मोडलं, मग आणखी एक. भोंग्यालाच दम लागला.

"काय आहे रे त्या डब्यात?" त्याने विचारलं.

"माझ्या मेहुण्याच्या हाडातला मगज," इस्त्रीवाला म्हणाला. "आता जाऊ दे आम्हाला."

भोंग्याने रॉड खाली टाकला.

खिडकीत तीच जाडजूड बाई होती. गिरमिटने मेहुण्याच्या खांद्यावर भार टाकून नळी तिच्यापुढे ठेवली.

"पहिल्या ओढीची?"

"पहिल्या ओढीची."

"नक्की?"

"नक्की. पट्टीवर डाग नाही, बघा."

बाईने त्याच्या शर्टाकडे पाहिलं. डाग सगळे तिथे होते. तिने शिक्का मारला.

निकाल दुसऱ्याच दिवशी आला, आजार इतका होता की मोजायला यंत्राची गरजच नव्हती. शंभरात पस्तीस. एवढ्या आजारावर दुसऱ्याचा मगज धरत नाही, असं बाईंनी सांगितलं. गिरमिटने विचारलं, "तरी घालून बघा ना." बाई नाही म्हणाल्या. त्याने पुन्हा विचारलं, त्या पुन्हा नाही म्हणाल्या. त्याचा मगज त्याच्याच हाडांत राहिला.

धाकट्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ठिणगी इस्त्री मारून माहेरी आली त्याच्या पुढल्या वर्षी, मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी पावणेअकरा वाजता तो गेला. त्याला पंचविसावं वर्ष लागलं होतं.